लिटल हॅर्डलची खालची वाट

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय फुफू,

सलाम. तीन महिन्यांत मी तुम्हाला एकही पत्र लिहिले नाही, याची मला लाज वाटते. फोनवर मी 'हो', 'नाही', 'बरी आहे' यांच्यापलीकडे जात नाही, ही तुमची तक्रार शहनाझभाभीने मला ऐकवली आणि वर आपली पुस्ती जोडली : "आमची नबिला फोनवर मुकी, पत्रात वकील!" याकूबभाई बराच वेळ हसत होता. त्यांची लायबा आता सात वर्षांची झाली. परवा तिला मुळाक्षरे गिरवायला बसवले, तर म्हणाली, "नॉट टुडे फुफू, आय हॅव होमवर्क." तिची आत्या मी, पण तिच्या तोंडून 'फुफू' ऐकले की दारात तुम्हीच उभ्या आहात असे क्षणभर वाटते. तिसरीच्या वर्गात तुम्हाला 'बाई' म्हणायचे आणि घरी 'फुफू', हा नियम मोडला म्हणून तुम्ही मला एकदा बाकावर उभे केले होते. त्या दिवसापासून जडलेले 'तुम्ही' अजून सुटलेले नाही.

माझे काम तुम्हाला ठाऊक आहेच. इंग्लंडमध्ये कोठे नवी घरे बांधायची असतील, तर आमची कंपनी त्या जागेचा अहवाल तयार करते : जमिनीचा उतार, जुनी घरे, झाडे, वाटा, आणि त्यांतले जपण्यासारखे काय. तेथे जाऊन तासाभरात फोटो काढणारा माणूस निराळा. लिहिणारी मी, चौदाव्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत, शाल पांघरून. दीड वर्षात तेवीस गावांविषयी लिहिले. त्यांतले एकही पाहिलेले नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या लिटल हॅर्डलविषयी मला सविस्तर लिहाल का? घरे कशी आहेत, वाटा कोठून कोठे जातात, लोक काय सांगतात, सारे काही. विशेष कारण नाही. निदान एक गाव तरी कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहावे, एवढेच.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
नबिला

*

लिटल हॅर्डल
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय नबिला,

दुआ. पत्र तेरा दिवसांनी पोहोचले, पण पोहोचले. अक्षर अजून सुंदर आहे. 'विशेष कारण नाही' हे वाक्य मात्र तुझे वाटत नाही. असो. विचारलेस तर सांगते.

अकरा घरे, एक चर्च, दुकान नाही. तुझे फुफा वारल्यावर मी मिसेस पेल यांची देखभाल करायला येथे आले, त्याला सहा वर्षे झाली. त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. पाय गेले आहेत, जीभ शाबूत आहे. मला 'मेमूना' म्हणतात आणि माझ्या चहाला 'औषध' म्हणतात. खाट तळमजल्यावर, खिडकीशी. जिन्यावरून त्यांना नेणे आता शक्य नाही.

भोवतालच्या टेकड्या खडूच्या आहेत. खरेच, फळ्यावरचा खडू! जन्मभर तो हातात धरला, आता त्याच्यावर राहते. वर गवत, मेंढ्या आणि वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली झाडे. घरांच्या भिंती चकमकीच्या काळ्या दगडांच्या. खालच्या अंगाच्या पाच घरांचे उंबरे वाटेपासून तीन पायऱ्या उंच आहेत, जणू पाणंद ओलांडताना बाईने परकर किंचित उचलून धरावा. दारांच्या चौकटींना दोन्ही बाजूंनी खाचा आहेत. त्यांत फळ्या बसवतात म्हणे. कशासाठी, ते पुढे सांगते.

घरांच्या मागे खालचे शेत आहे आणि त्याच्या कडेने खालची वाट जाते. माणूसभर खोल, दोहोंकडे झुडपे, तळाशी कोरडी माती. आम्ही तिच्यातून चालतो, लोक कुत्री फिरवतात. मिसेस पेल म्हणतात, ती वाट नव्हे, ते पाणी आहे. पंधरा-वीस वर्षांतून एकदा ते जमिनीतून वर येते आणि त्या वाटेने नदीकडे जाते. मी सहा वर्षांत थेंब पाहिलेला नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सारा गाव फावडी घेऊन निघतो. सर्वांत वयस्कर माणूस वाटेच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओततो आणि सगळे त्या पाण्याबरोबर चालत जातात. जेथे पाणी अडेल तेथे खणायचे, आणि पुन्हा बादली. पाणी शेवटापर्यंत पोहोचले की केक. पहिल्या वर्षी मला हसू आले होते.

आता बातमी. खालच्या शेतात अठरा घरे बांधायची आहेत, असा कागद खांबावर लागला आहे. खालची वाट भरून तिचा रस्ता करणार. म्हातारी मंडळी अस्वस्थ आहेत. मिस्टर लॉट चर्चची व्यवस्था पाहतात, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. ते म्हणाले, "कोणीतरी दूर बसून अहवाल लिहील, आणि आपण पोहायला शिकू."

जेवत जा. शहनाझला माझा सलाम सांग. तिचे म्हणणे खरे आहे.

मैमुनाबी

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय फुफू,

तुमचे पत्र मी चार वेळा वाचले. परकर उचलून धरणाऱ्या घरांचे वाक्य तर पाठच झाले. इतक्या थोड्या शब्दांत एवढे गाव कसे मावते, याचे मला नवल वाटते.

दोनच गोष्टी विचारते. बादलीच्या त्या प्रथेचा जुना लेखी पुरावा कोठे आहे का? चर्चच्या दप्तरात, एखाद्या नकाशावर? आणि ते पाणी आल्याचे छायाचित्र कोणाकडे आहे का? मिसेस पेल यांच्या सांगण्यावर माझा अविश्वास नाही. परंतु सांगणे आणि कागद यांत फरक करायला तुम्हीच आम्हाला शिकवले.

येथे उकाडा आता ओसरू लागला आहे. ऑफिसात फार काम आहे. महिनाअखेरपर्यंत एक मोठा अहवाल द्यायचा असल्याने हे पत्र लहान झाले.

तुमची,
नबिला

*

लिटल हॅर्डल
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय नबिला,

तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देते आहे, कारण तुझे दोन प्रश्न वाचून मला शंका आली होती आणि अहवाल पाहून आधी खात्री करून घ्यायची होती.

२ तारखेला बादलीचा दिवस झाला. मिसेस पेल यांना चाकांच्या खुर्चीतून वाटेच्या तोंडाशी नेले. त्यांनी बादली ओतली. पाणी चार ठिकाणी अडले, आम्ही चार ठिकाणी खणले. माझ्या हाताला फोड आला. मिस्टर लॉट म्हणाले, "शिक्षिकेचे हात!" मी म्हटले, "खडूचेच काम आहे." सगळे हसले.

शुक्रवारी चर्चच्या पडवीत तो अहवाल वाचायला ठेवला. नव्वद पाने. मिस्टर लॉट यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून ते म्हणाले, "मेमूना, तूच मोठ्याने वाच." मी वाचत गेले. एकेचाळिसाव्या पानावर आले, आणि माझा आवाज थांबला. तेथे इंग्रजीत लिहिले होते की खालच्या अंगाची घरे जणू आपला परकर किंचित उचलून उभी आहेत, आणि हे या वस्तीचे मोहक वैशिष्ट्य आहे.

नबिला, परकर माझा आहे.

मी पुढे वाचले. आवाज बदलू दिला नाही. खालच्या वाटेविषयी लिहिले आहे : 'वापरात नसलेली खोलगट पायवाट, वारसामूल्य अल्प, ती भरल्यास हानी नाही.' बादलीविषयी लिहिले आहे : 'अलीकडची स्थानिक करमणूक, लेखी पुरावा नाही.' नव्वद पानांत पाणी हा शब्द फक्त नळाच्या जोडणीसाठी आला आहे.

शेवटी कंपनीचे नाव आहे, आणि तयार करणाराची आद्याक्षरे. मी कोणाला काही बोललेले नाही. मला विचारायचे एवढेच आहे : तू माझे पत्र पूर्ण वाचले होतेस ना?

मैमुनाबी

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय फुफू,

पूर्ण वाचले होते. चार वेळा. तोच माझा गुन्हा आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाइलवर तुमच्या गावाचे नाव पाहिले, तेव्हा मला फार आनंद झाला. ग्राहकाचे नाव बाहेर सांगायचे नाही असा करार असतो, म्हणून मी तुम्हाला 'विशेष कारण नाही' असे लिहिले. नियम पाळला आणि खोटे बोलले, दोन्ही एकाच वाक्यात.

तुमच्या पाण्याविषयी मी मसुद्यात एक परिच्छेद लिहिला होता. आमचे वरिष्ठ सदानंद सर ठाण्याचे आहेत. माणूस वाईट नाही. त्यांनी तो वाचून मला बोलावले.

"नबिला, हा ओढा कुठे आहे? सॅटेलाइटवर दाखव मला."

"दिसत नाही, सर."

"जुन्या नकाशावर?"

"तिथे वाट दाखवली आहे, सर."

"मग खलास! म्हातारीच्या गोष्टी क्लायंटला पाठवू का मी? वो लोग हँसेंगे. प्रूफ असेल तर टाक, नाहीतर डिलीट. यल्ला, पुढची फाइल ओपन कर."

मी परिच्छेद काढला. परकराचे वाक्य सरांना आवडले, ते राहिले.

तुमचे पत्र आल्यावर मी ती छायाचित्रे पुन्हा उघडली. अकरा आहेत, सहा वर्षांची. फुफू, आम्ही छायाचित्रे मागवतो तेव्हा एक अट घालतो : ढग नकोत. जमीन स्वच्छ दिसावी म्हणून. इंग्लंडात असे दिवस जून ते ऑगस्टमध्ये मिळतात. अकराच्या अकरा छायाचित्रे त्याच महिन्यांतली होती. नोव्हेंबर ते मार्चचे एकही नव्हते. तारखा प्रत्येकाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या होत्या आणि मी एकदाही त्या एकाखाली एक मांडून पाहिल्या नाहीत. तेवीस गावांच्या बाबतीतही पाहिल्या नाहीत.

आपल्या वाडीतल्या पऱ्यातून, त्या पावसाळी ओढ्यातून, आपण मे महिन्यात चालत शाळेच्या मैदानाकडे जायचो, आणि श्रावणात त्याच्यावरच्या साकवावर पाय ठेवायला मी घाबरायची. मे महिन्यात कोणी वरून फोटो काढला असता, तर आपला पऱ्याही वाटच दिसला असता. हे मला, त्या पऱ्याच्या काठी वाढलेल्या मुलीला, सुचले नाही.

मी सरांना हे सांगितले. ते म्हणाले, "रिपोर्ट गेला, नबिला. आता तो आपला नाही."

मी काय करू, ते सांगा.

नबिला

*

लिटल हॅर्डल
९ डिसेंबर २०२४

प्रिय नबिला,

रागावले होते. आता रागावायला वेळ नाही.

सोळा दिवस पाऊस आहे. मोठा नाही, येथील पाऊस मोठा नसतो, तो फक्त जात नाही. खालच्या शेतात माती तपासण्यासाठी यंत्रे आणायची म्हणून मालकाने खालच्या वाटेच्या तोंडाशी दगडमातीचा भराव घालून तात्पुरता रस्ता केला आहे. उंची माझ्या खांद्याइतकी. त्याच्यावर रोलरही फिरवला. मिस्टर लॉट कौन्सिलच्या अधिकारी बाईंकडे गेले. त्या बाई म्हणाल्या, अहवालात या वाटेला मूल्य नाही असे लिहिले आहे, म्हणून आम्ही हरकत घेतली नाही. गावाचे म्हणणे ही आठवण आहे, अहवाल हा पुरावा आहे. मग त्यांनी आणखी एक सांगितले, आणि ते मी तुला जसेच्या तसे लिहिते : अहवाल तयार करणाराने स्वतःच्या नावाने कळवले की या भागात चूक झाली आहे, तर भराव काढण्याचा आदेश त्यांना ताबडतोब देता येईल. यंत्र दोन दिवसांत येईल.

म्हणजे तू. दुसरे कोणी नाही.

चर्चच्या आवारात एक विहीर आहे. आत विटांवर खुणा आहेत आणि त्यांच्यापुढे साल. पाणी कितव्या विटेला आले की किती दिवसांनी वर फुटते, हे येथील लोकांना पाठ आहे. काल मिस्टर लॉट यांनी दोरी सोडून पाहिली. परत आले तेव्हा त्यांनी नेहमीची थट्टा केली नाही.

मिसेस पेल यांना त्यांच्या मुलीने शहरात न्यायचे म्हटले. त्या म्हणाल्या, "माझ्या खाटेवरून मला कबरस्तान दिसते. शहरात काय दिसेल?" खाट तळमजल्यावर आहे हे तुला ठाऊक आहे. भरावामुळे पाणी अडले, तर ते वळून प्रथम आमच्याच अंगणात शिरेल.

एक पान लिही. चांगले लिहिण्याची गरज नाही. खरे लिही.

मैमुनाबी

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय फुफू,

तुमचे पत्र १८ तारखेला मिळाले. निवेदन त्याच संध्याकाळी लिहून ठेवले आहे. एकच पान आहे आणि खरे आहे.

ते पाठवायला मला थोडे दिवस हवे आहेत. माझ्या व्हिसाचे नूतनीकरण सध्या चालू आहे. तो कंपनीच्या नावावर आहे. वैद्यकीय तपासणी झाली, शिक्का बाकी आहे. या आठवड्यात कंपनीविरुद्ध माझ्या नावाचे पत्र गेले, तर नोकरीबरोबर येथे राहणेही जाईल. याकूबभाईला विचारले. तो म्हणाला, "पागल झाली का तू? कागद हातात आल्यावर काय ते कर. दहा तारखेपर्यंत होऊन जाईल, इन्शाल्ला. पानी कुठे पळून चाललंय?" भाभीने माझ्या ताटात पोळी वाढली, आणि मला तेच अधिक लागले.

फाइलवरच्या तारखेप्रमाणे अठरा घरांवर निर्णय घेणारी कौन्सिलची बैठक २० जानेवारीला आहे ना? मी निवेदन ११ तारखेला पाठवीन. त्यानंतर नऊ दिवस उरतील. मी हवामानाचा अंदाज रोज पाहते. नाताळनंतर तुमच्या भागात पाऊस थांबणार आहे आणि स्वच्छ ऊन पडणार आहे. ते वाचून मला फार हायसे वाटले.

मिसेस पेल यांना माझा नमस्कार सांगा; मी कोण, ते सांगू नका.

नबिला

*

लिटल हॅर्डल
६ जानेवारी २०२५

प्रिय नबिला,

पाऊस २८ तारखेला थांबला. तुझा अंदाज बरोबर निघाला. लोक टेकडीवर फिरायला जातात, शहरातले पाहुणे आकाशाचे फोटो काढतात. पोस्टमन म्हणाला, "टळले एकदाचे." मी तसे मिसेस पेल यांना सांगितले. त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जशी वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे मी पाहत असे.

"मेमूना," त्या म्हणाल्या, "पाऊस पडतो तेव्हा पाणी येत नाही. टेकडी ते पिते. पिऊन झाले की उठते. पाऊस थांबल्यापासून दिवस मोज."

मी मोजते आहे. आज नववा. त्यांच्या लहानपणी पाणी एकविसाव्या दिवशी आले होते, आणि त्या वेळी वाट मोकळी होती.

आणखी काही गोष्टी लिहिते. त्यांचा अर्थ मला लागत नाही, तू लाव. मेंढ्या शेताच्या खालच्या अर्ध्यात उतरत नाहीत. गवत तेथे जास्त हिरवे आहे, तरीही. चिचुंद्रीसारखा एक प्राणी येथे जमिनीखालून बिळे करतो. त्याने उकरलेल्या मातीचे ढिगारे अंगणात असायचे, ते या आठवड्यात टेकडीच्या अंगाला सरकले आहेत. आणि स्वयंपाकघराच्या फरशीला कान लावला की आवाज येतो. झाकण ठेवलेल्या पातेल्यात भात रटरटावा तसा. मी फरशी पुसताना तो ऐकला. आधी वाटले, गॅस चालू राहिला.

ऊन फार सुंदर आहे. मला त्याची भीती वाटते.

तुझ्या व्हिसाचे मी समजू शकते. मीही परक्या देशात राहते. पण बैठकीची तारीख माणसांनी ठरवली आहे, नबिला. पाण्याने नाही.

मैमुनाबी

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१५ जानेवारी २०२५

आदरणीय फुफू,

तुमचे ६ तारखेचे पत्र काल दुपारी मिळाले. व्हिसाचा शिक्का दहा तारखेला झाला नाही. मग तेरा म्हणाले, मग सतरा. ११ तारखेला निवेदन पाठवायचा माझा शब्द मी पाळला नाही; आणखी चार दिवस थांबले. फुफू, मी पाऊस थांबल्याच्या आनंदात होते.

काल तुमचे पत्र उघडे ठेवून मी कॅलेंडर घेतले. एकविसावा दिवस १८ तारखेला येतो. शनिवार.

आज सकाळी आठ वाजता मी निवेदन कौन्सिलच्या बाईंना ईमेलने पाठवले. मिस्टर लॉट यांच्या नावे एक प्रत त्यातच जोडली. मग छापील प्रत सदानंद सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. दार लावून घेतले.

"तुला कळतंय का तू काय केलंस?"

"हो, सर."

"अरे, मला तरी आधी सांगायचं! बाकीच्या तेवीस फाइल्सचं काय? उद्या प्रत्येक क्लायंट विचारणार, आमच्या गावात पण पानी आहे का म्हणून."

"मलाही तेच विचारायचे होते, सर."

फुफू, त्यांच्याशी इतके मोठे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खाली बसले. बारा वाजता मनुष्यबळ विभागाने माझे ओळखपत्र मागून घेतले. व्हिसा रद्द होईल. काही आठवड्यांची मुदत मिळेल, असे म्हणतात. घरी सांगितले. याकूबभाई बाल्कनीत जाऊन उभा राहिला. लायबाने विचारले, "आर यू इन ट्रबल?" मी हो म्हटले.

तीन वेळा तुमच्या घरी फोन केला. या वेळी मी बोलणार होते. घंटा वाजत राहिली.

मिसेस पेल यांना वरच्या घरात हलवा. कोणाच्याही घरी, पण वर. त्या रागावल्या तर माझे नाव सांगा आणि मी कोण तेही सांगा.

नबिला

*

लिटल हॅर्डल, चर्च
२३ जानेवारी २०२५

प्रिय नबिला,

दुआ. तू फोन केलास तेव्हा आम्ही सगळे वाटेच्या तोंडाशी होतो. हाताने भराव खणत होतो. नऊ जण, आणि सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा. रोलर फिरवलेली माती कुदळीला दाद देत नाही. तीन दिवसांत हातभर खोल गेलो.

पाणी शनिवारी आले. जेवण झाल्यावर, लख्ख उन्हात. आवाज झाला नाही. खालच्या शेतातल्या गवतातून मणी वर यावेत तसे ते वर आले, शेकडो ठिकाणी, आणि इतके स्वच्छ की तळाचे गवत ताठ उभे दिसत होते. मी सुंदर म्हणणार होते. मग ते एकत्र झाले, वाटेत उतरले, भरावाला टेकले आणि वळले. आमच्या अंगणात यायला त्याला वीस मिनिटे लागली.

फळ्या बसवल्या होत्या. त्या दाराच्या पाण्यासाठी असतात. हे फरशीतून आले.

मिसेस पेल यांना चौघांनी खाटेसकट उचलून चर्चमध्ये आणले. कमरेपर्यंत थंड पाण्यातून. त्या भिजल्या. रविवारी ताप भरला, सोमवारी त्यांना हेलिकॉप्टरने इस्पितळात नेले. फुप्फुसात पाणी आहे. काल मुलीचा फोन आला. 'आई परत येईल' असे ती म्हणाली नाही.

खालची पाचही घरे पाण्यात आहेत. आम्ही येथे बाकांवर झोपतो. पाद्री साहेबांनी माझ्या नमाजासाठी एका कोपऱ्यात स्वच्छ चादर अंथरून दिली. बैठकीत अठरा घरांचा विषय पुढे ढकलला. सहीसाठी पाच दिवस अडून राहिलेला भराव काढण्याचा आदेशही त्याच दिवशी निघाला. यंत्र काल आले आणि पाण्यामुळे ते खाली उतरू शकत नाही. टेकडीवर उभे आहे, पिवळे, नवे कोरे.

तुझे निवेदन मिस्टर लॉट यांनी रविवारी येथे सर्वांसमोर वाचले. चष्मा या वेळी होता. चांगले लिहिले आहेस. मी लाल शाईने काही खुणावले नसते. वरची तारीख मात्र, १८ डिसेंबर, त्यांनी दोनदा वाचली. मग शेवटचे नाव वाचले आणि विचारले, "ही कोण?"

मी म्हटले, "माझ्या भावाची मुलगी."

त्यांनी चष्मा काढून कागदाची घडी घातली. ज्यांच्या घरात त्या वेळी पाणी होते, ते उठून आपापल्या बाकांकडे गेले.

आज सकाळी पाणी आणखी चार बोटे चढले. पाऊस नाही. मिस्टर लॉट म्हणतात, उतरायला चैत्र उजाडेल. त्यांनी महिन्याचे नाव निराळे घेतले, अर्थ तोच. हे पत्र मी त्यांच्याच हाती पोस्टात देणार आहे. आधीच लिहून ठेवलेल्या रिकाम्या पाकिटावरचा पत्ता त्यांनी आताच वाचला, आणि रविवारनंतर प्रथमच तुझ्याविषयी बोलले.

"ती इकडे येणार आहे का?"

"मला माहीत नाही," मी म्हटले.

त्यांनी पाकीट परत माझ्यापुढे सरकवले. "आली तर तिला टेकडीवरून यायला सांग," ते म्हणाले. "आणि दिवसा. माणसे अजून चिडलेली आहेत."

मैमुनाबी